माणसे वाढली म्हणून पाणी आटले?

शाळेतल्या निबंधांचा एक साचा ठरून गेला आहे. विषय 'पर्यावरणाचा ऱ्हास' असो, 'पाणीटंचाई' असो की 'शेतीपुढील समस्या', पहिला परिच्छेद लोकसंख्येपासून सुरू होतो. माणसे वाढली म्हणून जंगले तुटली, जंगले तुटली म्हणून पाऊस कमी झाला, पाऊस कमी झाला म्हणून विहिरी आटल्या. भित्तिपत्रकांवर, वक्तृत्व स्पर्धांत आणि फळ्यावरच्या बाणांच्या तक्त्यांत ही साखळी इतक्या वेळा येते की ती तपासून पाहावी असे कोणाच्या मनातही येत नाही.

या साखळीत काहीच तथ्य नाही, असे आमचे म्हणणे नाही. पण विज्ञान शिकवणाऱ्याने कार्यकारणाची साखळी जशीच्या तशी स्वीकारायची नसते, तिची एकेक कडी ओढून पाहायची असते. 'दोन गोष्टी एकाच काळात घडल्या' आणि 'एकीमुळे दुसरी घडली' यांतला फरक ओळखणे हा तर आपल्या विषयाचा पाया आहे. म्हणून या लेखात आम्ही ही साखळी एका ठरावीक मुलखावर घासून पाहणार आहोत. हा मुलूख येरमाळ्याचा आहे. जिल्हा धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद), तालुका कळंब, भोवती बालाघाटच्या रांगा आणि गावाला लागून धुळे-सोलापूर महामार्ग. शिक्षकांनी येरमाळ्याच्या जागी आपले गाव घालून हाच हिशेब करावा, अशी आमची अपेक्षा आहे.

साखळीचे जनक

ही मांडणी आली कोठून, ते आधी पाहू. इंग्लंडमधील धर्मोपदेशक थॉमस माल्थस यांनी १७९८ साली असे मांडले की लोकसंख्या भूमितीश्रेणीने वाढते आणि अन्न मात्र गणितश्रेणीने. त्या काळी जगाची लोकसंख्या १०० कोटींच्या आसपास होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ८०० कोटी झाली, आणि माल्थस यांच्या काळापेक्षा आज सरासरी माणूस अधिक खातो व अधिक जगतो. १९६८ साली अमेरिकन जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी लोकसंख्येला 'बॉम्ब' म्हटले. त्यांच्या पुस्तकाची सुरुवात दिल्लीतल्या गर्दीच्या वर्णनाने होते, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९७० च्या दशकात कोट्यवधी माणसे भुकेने मरतील हे त्यांचे भाकीत खरे ठरले नाही.

पुढे एर्लिक आणि जॉन होल्ड्रेन यांच्या लेखनातून एक सुटसुटीत सूत्र रूढ झाले. पर्यावरणावरील भार म्हणजे लोकसंख्या गुणिले दरडोई उपभोग गुणिले तंत्रज्ञानाचा परिणाम. सूत्र म्हणून ते चुकीचे नाही. पण त्यात एक खोच आहे. दरडोई उपभोग ही सरासरी असते, आणि सरासरी काढली की पाणी कोणी किती वापरले हा प्रश्नच पुसला जातो. ज्याच्याकडे जमीनच नाही आणि ज्याच्याकडे दहा एकर ऊस आहे, ते दोघेही सरासरीत सारखेच 'एक डोके' ठरतात. आपल्या निबंधांनी तर या सूत्राच्या तीन अवयवांपैकी दोन गाळून फक्त पहिला ठेवला आहे.

येरमाळ्याची जमीन काय सांगते

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरी देवीची यात्रा भरते. लाखो भाविक येतात आणि रानात चुनखडी वेचण्याचा कार्यक्रम होतो. ज्यांना श्रद्धेपलीकडे कुतूहल आहे त्यांच्यासाठी या चुनखडीत भूगोलाचा एक उत्तम पाठ दडलेला आहे.

हा सारा प्रदेश बेसॉल्ट म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो बनला. या खडकाची झीज होताना त्यातील कॅल्शियम मोकळे होते. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे ते किंचित आम्ल होते आणि कॅल्शियम घेऊन खाली झिरपते. पाऊस भरपूर असेल, तर हे कॅल्शियम पाण्याबरोबर खोल निघून जाते. पाऊस बेताचा असेल, तर पाणी थोड्या खोलीवर थबकते, मुळे ते शोषून घेतात, उरलेले वाफ होऊन जाते आणि कॅल्शियम कार्बोनेटचे खडे मातीत मागे राहतात. हीच आपली चुनखडी. तिच्यावर लिंबाचा रस पिळला तर बारीक बुडबुडे येतात. तो जमिनीत अडकून पडलेला कार्बन डायऑक्साइड.

याचा अर्थ असा की ज्या रानात चुनखडी सापडते, त्या रानात पुष्कळ काळ पावसापेक्षा बाष्पीभवनाची मागणी जास्त राहिली आहे. असे खडे तयार व्हायला शेकडो, हजारो वर्षे लागतात. येरमाळ्याचा कोरडेपणा हा काही वाढत्या लोकसंख्येने कालपरवा आणलेला नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे बालाघाटावर पाऊस मुळातच मध्यम आणि लहरी असतो. एखाद्या गावाने झाडे तोडली म्हणून त्या गावावरचा मोसमी पाऊस कमी होतो, ही साखळीतली दुसरी कडी येथेच निखळते. झाडे तोडल्याने माती वाहून जाते, पाणी मुरणे कमी होते, उन्हाची तलखी वाढते. हे सारे खरे आणि गंभीर आहे. पण मोसमी वारे समुद्रावरून किती बाष्प आणतात, हे गावाच्या शिवारात ठरत नाही.

खडकाची आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. काळ्या पाषाणात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात, मुरुमात आणि खालच्या भेगांत. गंगेच्या गाळासारखी पाणी धरून ठेवण्याची क्षमता त्यात नाही. त्याच्या घनफळाच्या जेमतेम दोन-तीन टक्के पाणी मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे आपल्या पायाखालची टाकीच लहान आहे. लहान टाकी पावसाने लवकर भरते आणि उपशाने लवकर रिकामीही होते. तेव्हा विचारायचा प्रश्न असा की या लहान टाकीतून कोण किती उपसतो?

पाण्याचा हिशेब

हा हिशेब नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला वहीत करता येईल. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १४,८६,५८६ होती, २०११ मध्ये ती १६,५७,५७६ झाली. दहा वर्षांत १,७०,९९० माणसे वाढली, म्हणजे सुमारे साडेअकरा टक्के. याच दशकात महाराष्ट्राची वाढ जवळपास सोळा टक्के होती. घनतेतही जिल्हा राज्याच्या मागे आहे. राज्यात चौरस किलोमीटरमागे ३६५ माणसे, तर येथे सुमारे २१९. 'दाटीवाटीचा' असे या जिल्ह्याचे वर्णन कोणी करणार नाही.

आता पाणी. ग्रामीण भागासाठी जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे माप ठरवले आहे. तेच सर्वांना लावू. एका माणसाला वर्षाला ५५ गुणिले ३६५, म्हणजे २०,०७५ लिटर. साऱ्या जिल्ह्याला वर्षाला सुमारे ३,३२८ कोटी लिटर.

दुसऱ्या बाजूला ऊस घेऊ. पाटाने भिजवलेल्या उसाला सगळ्या पाळ्या मिळून शेतावर साधारण दोन मीटर उंचीचे पाणी लागते असे धरू. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर दोन मीटर पाणी म्हणजे २०,००० घनमीटर, अर्थात दोन कोटी लिटर. ठिबक सिंचनाने ही गरज बरीच खाली येते, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

३,३२८ ला २ ने भागले की १,६६४ येतात. म्हणजे साऱ्या जिल्ह्यातल्या माणसांना वर्षभर घरगुती वापरासाठी जेवढे पाणी हवे, तेवढ्यात पाटाने भिजवलेला सुमारे १,६६० हेक्टर ऊस निघतो. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,५६,९०० हेक्टर आहे. त्याच्या पाव टक्क्याहूनही हे क्षेत्र कमी भरते. आणि दशकभरात वाढलेल्या पावणेदोन लाख माणसांचे घरगुती पाणी? सुमारे ३४३ कोटी लिटर, म्हणजे अवघ्या १७२ हेक्टर उसाचे.

हा आकडा फळ्यावर उभा राहिला की साखळीची तिसरी कडीही ढिली होते. विहिरी आटण्यामागे माणसांच्या तहानेचा वाटा अगदी थोडा आहे, पिकाची निवड हे त्यामागचे मोठे कारण आहे. राज्याचे चित्रही याहून वेगळे नाही. महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावर ऊस असून सिंचनाचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी तो घेतो, असे केंद्र सरकारच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात नोंदवले आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण तेव्हा कोरडे पडले होते. हे धरण कळंब तालुक्याच्या हद्दीलगत, धनेगावला आहे. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले. वरच्या हिशेबाने ते एका हेक्टर उसाच्या वर्षाच्या पाण्याचा चाळिसावा भाग होते.

येथे एक रास्त आक्षेप निघेल. माणूस फक्त पाणी पीत नाही, अन्नही खातो, आणि अन्नाला जमीन लागते. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. त्याचाही हिशेब करू. माणशी वर्षाला १५० किलो धान्य धरले, तर जिल्ह्याला सुमारे अडीच लाख टन धान्य हवे. कोरडवाहू ज्वारी हेक्टरी एक टन धरली तर अडीच लाख हेक्टर जमीन लागेल, म्हणजे जिल्ह्याच्या एकतृतीयांश भूमी. हा भार मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण रब्बीची ज्वारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते, तिला विहिरीचा उपसा जवळपास लागत नाही. शिवाय आज येथल्या घरांत शिजणारा गहू-तांदूळ पुष्कळसा दुसऱ्या राज्यांतून रेशनच्या दुकानात येतो. गावातली माणसे काय खातात आणि गावाच्या जमिनीत काय पिकते, यांचा सरळ संबंध आता उरलेला नाही.

पीक कोण ठरवते

हा संबंध तुटला त्याचे मोठे उदाहरण सोयाबीन आहे. कळंब, वाशी, धाराशिव या पट्ट्यात खरिपात आज जिकडे तिकडे सोयाबीन दिसते. मूग, उडीद आणि खरीप ज्वारी मागे पडली. हे पीक येथल्या पोटाची गरज म्हणून आले का? नाही. त्याचे तेल निघते, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशांत जाते. भाव लातूरच्या बाजारात दिसतो, पण तो ब्राझील-अर्जेंटिनातल्या पिकावर आणि खाद्यतेलाच्या आयात शुल्कावरही हलतो.

शेतकऱ्याची बाजू समजून घ्यायला हवी. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत निघते, मळणी यंत्राने झटपट होते, रोख पैसा देते आणि रब्बीला रान मोकळे करते. ते शेंगवर्गीय असल्याने मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्रही मिळवते. ज्वारीची काढणी मात्र माणसांच्या हातांवर अवलंबून असते, आणि काढणीला माणूस मिळत नाही ही तक्रार गावोगाव ऐकू येते. ज्या मुलखात माणसे फार झाली असे आपण निबंधात लिहितो, तेथेच सुगीला माणूस मिळत नाही, या विसंगतीकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधायला हवे.

परिणाम मात्र दूरवर जातात. ज्वारी गेली की कडबा गेला. कडबा गेला की बैल आणि गाई सांभाळणे महाग झाले. जनावरे घटली की शेणखत घटले. शेणखत घटले की मातीतला सेंद्रिय अंश उतरतो, आणि अशी माती पाणी कमी धरते. मग एक पाळी जास्त द्यावी लागते, म्हणजे पुन्हा विहिरीवर भार. ही साखळीही बाणांनीच काढता येते. फरक इतकाच की तिची सुरुवात जन्मदरापासून होत नाही, बाजारभावापासून होते.

दूरच्या बाजाराने येथली जमीन घडवावी हे काही नवे नाही. जवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगराहून जाडेभरडे कापड आणि मलमल भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. त्या काळीही रोमन साम्राज्याची मागणी बालाघाटाच्या पायथ्याशी पोहोचली होती. शिवारात काय उगवते याचे उत्तर फक्त त्या गावाच्या खानेसुमारीत शोधणे तेव्हाही अपुरे ठरले असते.

लोकसंख्येचा खरा वाटा

मग लोकसंख्येचा काहीच दोष नाही का? आहे, पण तो साखळी सांगते त्या वाटेने येत नाही. महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. बापाचे शिवार चार भावांत वाटले गेले. लहान तुकड्यावर पडीक ठेवणे, पिकांची फेरपालट करणे, बांधावर झाडे राखणे परवडत नाही. पैसा देणाऱ्या एकाच पिकाची ओढ वाढते. हा परिणाम खरा आहे.

पण त्यातही कायदा मध्ये येतो. आपल्याकडे जमिनीचा मालक तोच तिच्याखालच्या पाण्याचा धनी, ही समजूत इंग्रजी अमदानीपासून चालत आली. म्हणून जमिनीची वाटणी झाली की विहिरीचीही होते. चार भाऊ, चार बोअर. खाली पाण्याची भेग मात्र एकच. एकाने दोनशे फूट नेली की दुसरा तीनशे नेतो. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा जास्त खोलीच्या विहिरीला 'खोल विहीर' म्हणून तिच्यावर बंधने घातली. ती पाळली जातात का, हे आपापल्या गावात कोणालाही पाहता येईल. तात्पर्य असे की माणसे चार झाली हे खरे, पण बोअर चार झाले ते पाण्याच्या मालकीच्या नियमामुळे. नियम वेगळा असता तर चार भाऊ एका विहिरीवर पाळीने भिजवू शकले असते, आणि पूर्वी मोटेच्या पाळ्या तशाच लागत.

आणखी एक मुद्दा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला आहे. लोकसंख्या स्थिर राहायला तो २.१ लागतो. वाढीचा वेग उतरणीला लागला आहे, विहिरींची खोली मात्र वाढतेच आहे. एक रेघ खाली जात असताना दुसरी वर जात असेल, तर पहिलीला दुसरीचे एकमेव कारण म्हणता येत नाही.

गायरानाचा प्रश्न

याच साखळीचा एक उपफाटा आहे. सामाईक जमीन सर्वांची, म्हणून ती कोणाचीच नाही. प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवतो आणि शेवटी कुरण उजाड होते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये हे मांडले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली उदाहरणे तपासून १९९० मध्ये दाखवून दिले की जेथे हद्द, हक्क आणि दंड ठरलेले असतात, तेथे सामाईक साधने पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बालाघाटाच्या माळांवर उस्मानाबादी शेळी वाढली ती गायरानांच्या आधारावर. ही गायराने आज आकसत आहेत. त्याला केवळ शेळ्यांची संख्या कारणीभूत आहे का? काही गायरान रस्त्यांत, इमारतींत गेले, काही अलीकडे सौर प्रकल्पांसाठी दिले जात आहे. काहींवर भूमिहीन कुटुंबे कसत आहेत. त्यांना आपण सरसकट 'अतिक्रमण' म्हणतो. पण दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह आठवले, की या शब्दामागे जमिनीच्या विषम वाटपाचा इतिहास दिसू लागतो. शेळी कोठे चरणार आणि भूमिहीन कोठे पेरणार, ही अडचण खरी आहे, आणि 'माणसे फार झाली' एवढे म्हटल्याने ती सुटत नाही.

डोकी मोजण्याची दुसरी रीत

केनियातल्या माचाकोस जिल्ह्याकडे १९३० च्या दशकात इंग्रज अधिकारी धूप होऊन उद्ध्वस्त झालेला, माणसांचा आणि गुरांचा भार न पेलणारा मुलूख म्हणून पाहत. पुढच्या सहा दशकांत तेथील लोकसंख्या पाचपटींहून अधिक वाढली. १९९४ मध्ये मेरी टिफेन, मायकेल मॉर्टिमोर आणि फ्रान्सिस गिचुकी यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की याच काळात उतारांवर पायऱ्यांची शेते झाली, झाडे लागली, धूप घटली आणि दरडोई उत्पादन वाढले. हातांना काम होते, जमिनीवर हक्क होता आणि नैरोबीचा बाजार जवळ होता. या तीन अटी नसत्या तर हेच घडले असते असे म्हणता येत नाही, म्हणून 'माणसे वाढली की सारे सुधारते' असा उलटा साचाही आपण बनवू नये.

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम विचार करण्यासारखा आहे. पाणी जमिनीच्या आकारावर न देता माणशी अर्धा एकराच्या हिशेबाने द्यायचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. घरातली माणसे हे येथे ओझे नव्हते, ते वाटपाचे माप होते. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, सिंचनासाठी बोअर घ्यायला मनाई केली, आणि गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. म्हणजे तेथे माणसे वाढली आणि पाणीही वाढले.

या उदाहरणांनाही मर्यादा आहेत. पाणी पंचायत राज्यभर पसरली नाही, आणि हिवरे बाजारची घडी बसवणारे नेतृत्व प्रत्येक गावाला मिळत नाही. पण साखळी खोटी ठरवायला विरुद्ध उदाहरण एकही पुरते, हे विज्ञानाच्या शिक्षकाला सांगायला नको.

हे शिकवावे कसे

शिक्षकांनी लोकसंख्येचा धडा गाळावा असे आम्ही सुचवत नाही. बाणांच्या तक्त्यासमोर प्रत्येक बाणावर 'कशावरून?' असे लिहायला लावावे, एवढेच पुरे. विद्यार्थ्यांनी आपल्या गावाची लोकसंख्या घ्यावी, माणशी ५५ लिटरने वर्षाचे पाणी काढावे. तलाठ्याकडच्या पीकपेऱ्यातून उसाचे, सोयाबीनचे, ज्वारीचे क्षेत्र लिहून घ्यावे आणि दोन्ही हिशेब शेजारी मांडावेत. आजोबा-आजींना विचारून पन्नास वर्षांपूर्वीची पिके, जनावरे आणि विहिरीची खोली नोंदवावी. चुनखडीवर लिंबू पिळून पाहावे. दर महिन्याला एकाच विहिरीची पाणीपातळी दोरीने मोजून आलेख काढावा. वर्षभरात जो आलेख तयार होईल, तो कोणत्याही निबंधाच्या पहिल्या परिच्छेदापेक्षा जास्त सांगेल.

हा आग्रह केवळ अचूकतेसाठी नाही. मराठवाड्यातल्या कित्येक वर्गांत दिवाळीनंतर बाकडी रिकामी होतात. आईबापांचा 'कोयता' ऊसतोडीला बाहेरच्या जिल्ह्यांत जातो आणि पोरे बरोबर जातात किंवा आजीजवळ मागे राहतात. या मुलाच्या वाट्याला ना ऊस येतो, ना त्याचे पाणी. त्याच्या घरात दिवसाला ५५ लिटर माणशी मिळाले तरी तो सुदैवी म्हणायचा. तो मार्चमध्ये परत येऊन धड्यात वाचतो की टंचाईचे कारण वाढती लोकसंख्या आहे. त्याचा अर्थ त्याला एकच लागतो, की तुम्ही फार आहात म्हणून पाणी नाही. पाणी कोठे गेले हा प्रश्न त्याने कधी विचारायचाच नाही, अशी सोय हा धडा करून ठेवतो.

येत्या उन्हाळ्यात येरमाळ्याच्या शिवारातला एखादा बोअर कोरडा पडेल, आणि वर्गात त्याची चर्चा होईल. त्या वेळी फळ्यावर गावाची लोकसंख्या जरूर लिहावी. तिच्या शेजारी त्या शिवारात कोणते पीक किती हेक्टरवर उभे आहे, हेही लिहावे, आणि भागाकार विद्यार्थ्यांना करू द्यावा.